मुलाच्या छातीत कळ येते, ईसीजी नॉर्मल आहे, मग दुखतं कशामुळे?

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १२ वर्षांचा. गेले तीन महिने त्याच्या छातीत अधूनमधून कळ येते. अभ्यासाला किंवा मोबाइल घेऊन बसलेला असतो आणि अचानक डाव्या बाजूला हात दाबून धरतो, श्वास घ्यायचा थांबतो, "टोचतंय" म्हणतो. मिनिटभरात पुन्हा आपल्या उद्योगाला लागतो. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. डॉक्टरांनी "काही नाही" असं सांगितलं. पण मुलाच्या आजोबांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यामुळे आईची झोप उडाली आहे. तिने त्याचं खेळायला जाणं पंधरा दिवसांपासून बंद केलंय. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा का, आणखी कुठली तपासणी राहून गेली आहे का, असं तिने विचारलं आहे.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हे हृदयाचं दुखणं वाटत नाही. इकोची गरजही मला आज दिसत नाही. पण "काही नाही" हे उत्तर मला तितकंच अपुरं वाटतं. मुलाला दुखतंय, आणि त्या दुखण्याला वैद्यकशास्त्रात नावही आहे. मी त्याला प्रत्यक्ष तपासलेलं नाही. तेव्हा पुढे जे सांगते त्यातलं काही त्याच्याशी जुळत नसेल, तर माझ्या अंदाजापेक्षा तुम्ही घरी जे पाहताय त्याला जास्त महत्त्व द्या आणि ते डॉक्टरांना सांगा.

या कळीला 'प्रीकॉर्डियल कॅच' म्हणतात. १९५५ साली मिलर आणि टेक्सिडोर या दोन डॉक्टरांनी तिचं व्यवस्थित वर्णन केलं. तिची लक्षणं इतकी ठरलेली असतात की नीट ऐकून घेतलं तर बहुतेक वेळा निदान तिथेच होतं. साधारण सहा वर्षांपासून विशीच्या सुरुवातीपर्यंतच्या वयात ती दिसते. मूल स्वस्थ बसलेलं असतं, बऱ्याचदा पाठीला पोक काढून. सुई खुपसल्यासारखी कळ येते, ती डाव्या स्तनाग्राच्या आसपास, एका बोटाने दाखवता येईल इतक्याच जागी. ती हाताकडे, मानेकडे किंवा पाठीकडे पसरत नाही. श्वास आत घेतला की कळ वाढते, म्हणून मूल श्वास अर्धाच घेतं किंवा रोखून धरतं. बघणाऱ्याला वाटतं, याला श्वास घेता येत नाहीये. खरं तर श्वास घेता येत असतो, घेतल्यावर दुखतं म्हणून तो घेत नसतो. काही सेकंद ते फार तर तीनेक मिनिटं, आणि कळ जशी आली तशी निघून जाते. मागे काहीच उरत नाही. दरदरून घाम नाही, चक्कर नाही, थकवा नाही.

ही कळ नेमकी कुठून निघते याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. बरगड्यांच्या मधली एखादी नस क्षणभर चिमटली जात असावी, किंवा छातीच्या आतल्या अस्तराला ताण बसत असावा, असं मानलं जातं. ती हृदयातून येत नाही, एवढं मात्र नक्की. तिला औषध लागत नाही आणि गोळीचा उपयोगही नाही, कारण गोळी पोटात विरघळेपर्यंत कळ केव्हाच गेलेली असते. वय वाढतं तशी ती आपोआप कमी होत जाते.

आता आजोबांबद्दल. मोठ्या माणसाला झटका येतो तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमध्ये चरबीचे थर साचून. ते थर साचायला अनेक दशकं लागतात. १२ वर्षांच्या मुलाच्या धमन्यांमध्ये अडथळा व्हावा इतका थर जमायला वेळच मिळालेला नसतो. उतारवयात आजोबांना आलेल्या झटक्याचा आणि नातवाच्या आजच्या कळीचा संबंध जोडू नका. आपण छातीचं दुखणं म्हटलं की जे चित्र डोळ्यांसमोर आणतो, ते मोठ्यांच्या आजारातून आलेलं असतं, आणि मुलाकडे बघतानाही तेच चित्र आड येतं. छातीत दुखतं म्हणून डॉक्टरांकडे आणलेल्या मुलांपैकी हृदयाचं कारण सापडतं ते शंभरात एखाद-दुसऱ्या मुलात. बाकीच्यांत दुखणं बरगड्यांचं, स्नायूंचं, फुप्फुसांचं, अन्ननलिकेचं किंवा मनावरच्या ताणाचं असतं. कितीतरी मुलांत ठोस कारण सापडतही नाही आणि दुखणं आपसूक थांबतं.

माझ्याकडे असं मूल आलं की मी आधी त्यालाच विचारते, आईवडिलांना नंतर. "कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव." मूल बोटाने नेमकी जागा दाखवत असेल, तर दुखणं बहुधा छातीच्या भिंतीचं असतं. पूर्ण पंजा किंवा मूठ छातीवर ठेवून "इथे सगळीकडे आवळल्यासारखं होतं" म्हणत असेल, तर मी जास्त खोलात शिरते. हा काही पक्का नियम नाही, पण चौकशीची दिशा यातून कळते. त्यानंतरचा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रश्न म्हणजे, "दुखायला लागलं तेव्हा तू काय करत होतास?" बसलो होतो, वाचत होतो, अंथरुणावर पडलो होतो, असं उत्तर आलं की माझा जीव निम्मा भांड्यात पडतो. "धावताना, अगदी जोरात धावत असताना" असं उत्तर आलं, तर पुढची सगळी तपासणी वेगळ्या वाटेने जाते.

छातीच्या भिंतीचं आणखी एक दुखणं फार मुलांना होतं, आणि त्याबद्दल थोडं जास्त सांगते. बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला थेट चिकटलेल्या नसतात. मध्ये कूर्चेचा, म्हणजे लवचीक हाडासारख्या भागाचा दुवा असतो. त्या सांध्यांना सूज-दाह झाला की दुखतं, त्याला 'कॉस्टोकॉन्ड्रायटिस' म्हणतात. बहुधा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या सांध्यांना होतो. आठवडाभर जोराचा खोकला झाला, एका खांद्यावर जड दप्तर वागवलं, नवा व्यायाम एकदम सुरू केला, किंवा कुणी खेळताना कोपर मारला, की नंतर हे सुरू होऊ शकतं. कधी कारण आठवतही नाही. इथे कळ मिनिटभराची नसते, दुखणं तासन् तास रेंगाळतं. हालचाल केली, कूस बदलली, खोल श्वास घेतला की वाढतं. तपासताना मी मधल्या हाडाच्या कडेने एकेका बरगडीवर बोटाने दाबत जाते. ठरावीक जागी मूल एकदम दचकतं आणि म्हणतं, "हेच! असंच दुखतं." दाबल्यावर त्याचं ते नेहमीचं दुखणं तसंच्या तसं उठलं, तर निदान बऱ्यापैकी पक्कं होतं. पालकांना मी तिथेच, त्यांच्या बोटाने ती जागा दाबून बघायला सांगते. बोटाने दाबून हृदय दुखवता येत नाही, ही गोष्ट स्वतःच्या बोटाखाली कळली की चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

हे दुखणं काही आठवडे, क्वचित काही महिने चालतं आणि अधूनमधून डोकं वर काढतं. आठ-दहा दिवस वजन उचलणं आणि दुखरी हालचाल टाळावी, शेकावं, आणि गरज पडली तर वजनाप्रमाणे डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसात आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल द्यावं. आयबुप्रोफेन उपाशीपोटी देऊ नका. आणि एक कळकळीची विनंती: छातीत दुखतंय म्हणून मोठ्यांची अ‍ॅस्पिरिन मुलाला देऊ नका. विषाणूच्या आजारात मुलांना अ‍ॅस्पिरिन दिल्यास 'राय सिंड्रोम' नावाचा यकृताचा आणि मेंदूचा गंभीर विकार होऊ शकतो.

याच सांध्यावर डोळ्यांना दिसेल अशी टणक सूज आली, तर त्याला 'टिट्झे सिंड्रोम' म्हणतात. १९२१ साली जर्मन शल्यचिकित्सक अलेक्झांडर टिट्झे यांनी तो वर्णन केला. तोही निरुपद्रवी. पण छातीवरची कोणतीही नवी गाठ एकदा डॉक्टरांच्या हाताखालून जाऊ द्या. खालच्या, म्हणजे आठव्या ते दहाव्या बरगडीचं टोक सैल होऊन वरच्या बरगडीवर सरकतं आणि 'कट्' असा आवाज होऊन दुखतं, असंही काही मुलांत होतं. पोहणाऱ्या किंवा अंग पिळावं लागणारे खेळ खेळणाऱ्या मुलांत ते मी पाहिलं आहे.

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत एक गोष्ट हमखास सुटते, कारण मूल लाजेने सांगत नाही आणि मोठे विचारत नाहीत. स्तनांची वाढ सुरू होताना, अनेकदा आधी एकाच बाजूला, स्तनाग्राखाली बटणासारखी दुखरी गाठ येते. मुलींमध्ये हे सर्वांना ठाऊक असतं. पण वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलग्यांमध्येही हे थोड्याफार प्रमाणात होतं. कपडा घासला तरी दुखतं. "माझ्यात काहीतरी बिघडलंय" या भीतीने मुलगा कुणाला दाखवत नाही, फक्त "छातीत दुखतं" म्हणतो. बहुतेक मुलग्यांत ही गाठ सहा महिने ते दोन वर्षांत विरते. तुमचा मुलगा त्याच वयाच्या उंबरठ्यावर आहे, तेव्हा डॉक्टरांना त्याच्याशी काही मिनिटं एकट्याने बोलू द्या.

आणखी एक सुटणारं कारण म्हणजे गोळी. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी घेणारी किशोरवयीन मुलं ती रात्री झोपताना घोटभर पाण्याबरोबर घेतात आणि लगेच आडवी होतात. गोळी अन्ननलिकेत अडकते, तिथला नाजूक थर पोळतो आणि छातीच्या मध्यभागी असं दुखतं की गिळणंही नको होतं. ती गोळी ग्लासभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून घ्यावी आणि नंतर अर्धा-एक तास आडवं होऊ नये. एवढी सावधगिरी घेतली तर हे टळतं. आम्लपित्ताची जळजळही मुलांना होते. जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढते, तोंडात आंबट येतं.

दम्याची गोष्ट वेगळी आहे. व्यायामाने उसळणाऱ्या दम्यात मूल "छाती आवळते" म्हणतं, बरोबर खोकला असतो, आणि हे खेळताना किंवा खेळ थांबवल्यावर काही मिनिटांत होतं. श्रमाशी जोडलेल्या छातीच्या दुखण्याचं मुलांमधलं हे एक नेहमीचं कारण आहे. पण हृदयाचा संशय बाजूला सारल्याशिवाय ते गृहीत धरू नये. नीट औषध सुरू केलं की मूल पूर्ववत खेळतं.

मनावरच्या ताणाबद्दल लिहिताना मी शब्द जपून वापरते. परीक्षा, मैत्रीतली तूट, घरातलं आजारपण किंवा जवळच्या कुणाचा हृदयविकार, यानंतर मुलांच्या छातीत दुखायला लागतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. भराभर श्वास घेतला जातो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, छाती आवळते. ते दुखणं खरं असतं. मूल नाटक करत नसतं. "टेन्शनचं आहे" असं सांगून विषय संपवला, तर मुलाला ऐकू येतं "तू खोटं बोलतोस." तुमच्या घरात आजोबांच्या आजाराची चर्चा मुलासमोर झाली असेल, तर त्याच्या मनात काय चाललंय हे एकदा शांतपणे विचारा. त्याची कळ ताणामुळे येत नसली, तरी कळीची भीती त्याला नक्की वाटत असणार.

आता ज्या गोष्टींसाठी थांबायचं नसतं, त्या. धावताना किंवा खेळताना ऐन श्रमात छातीत दुखणं. श्रमात शुद्ध हरपणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणं. घाबरल्यावर किंवा अचानक मोठा आवाज झाल्यावर बेशुद्ध पडणं. एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबणारी, मोजताही येणार नाही इतकी जलद धडधड. लहान मुलं धडधडीलाही "दुखतं" म्हणतात, कारण त्यांच्याकडे त्यासाठी दुसरा शब्द नसतो. म्हणून तसं वाटलं तर छातीवर हात ठेवून ठोके बघा. आडवं झाल्यावर वाढणारं आणि पुढे वाकून बसलं की कमी होणारं दुखणं, विशेषतः ताप किंवा नुकत्याच झालेल्या विषाणूच्या आजारानंतर, हे हृदयाच्या आवरणाला आलेल्या सुजेचं असू शकतं. अशा आजारानंतर मूल कमालीचं थकलं, जिना चढताना धापा टाकू लागलं, तर हृदयाच्या स्नायूची सूज तपासावीच लागते. उंच, सडपातळ किशोराला अचानक एका बाजूला तीव्र दुखून श्वास लागला, तर फुप्फुसाभोवती हवा साचलेली असू शकते. लहान मुलाला एकाएकी छातीत दुखू लागलं, लाळ गळू लागली, गिळता येईना, तर त्याने बटणासारखी बॅटरी किंवा नाणं गिळलं का, हा प्रश्न आधी. अडकलेली बॅटरी अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा करू शकते. यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. शुद्ध हरपली, श्वास लागला, ओठ निळसर पडले किंवा बॅटरीचा संशय असला, तर थेट तातडीच्या विभागात.

याशिवाय पूर्वेतिहासातल्या काही गोष्टी डॉक्टरांना न विचारता सांगाव्यात. मुलाच्या हृदयावर आधी शस्त्रक्रिया झाली असेल. लहानपणी कावासाकी आजार, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार, झाला असेल, कारण त्यात हृदयाच्या धमन्यांना फुगवटे येऊ शकतात. घराण्यात कुणी ऐन तरुणपणी, चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल. पोहता येत असूनही कुणी कारण न कळता बुडालं असेल. कुणाला हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार असेल. या विकाराचा सदोष जनुक आई किंवा वडिलांकडे असेल, तर तो प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी असते. उतारवयातल्या आजोबांच्या झटक्यापेक्षा ही माहिती मुलाच्या बाबतीत कितीतरी महत्त्वाची आहे. दोन्हीकडच्या थोरांना एकदा विचारून घ्या.

मग इको आणि सगळ्याच तपासण्या एकदा करून का टाकू नयेत? हा प्रश्न मला रोज विचारला जातो आणि त्यामागची काळजी मला समजते. पण ज्या मुलाची हकिकत आणि तपासणी निर्दोष आहे, त्याच्यात तपासण्या वाढवत गेलं की कुठेतरी काहीतरी 'किंचित वेगळं' निघतंच. पुष्कळदा ते निरोगी मुलांतलं नेहमीचं वैविध्य असतं. पण कागदावर ते लिहिलं जातं, पुन्हा तपासण्या होतात, आणि मुलाच्या मनात पक्कं बसतं की आपलं हृदय कच्चं आहे. वर लिहिलेलं धोक्याचं एकही लक्षण असेल, तर मात्र नॉर्मल ईसीजीवर विसंबून थांबू नये. हृदयाच्या धमन्यांचा उगमच जन्मतः चुकीच्या जागी असण्यासारखे काही दोष स्वस्थ पडून काढलेल्या ईसीजीत दिसतही नाहीत. म्हणून हकिकतीला मी ईसीजीइतकंच, कधी त्याहून जास्त वजन देते.

नवीन होते तेव्हा ९-१० वर्षांच्या एका मुलीला मी असंच तपासलं, सगळं ठीक होतं, आणि "काही नाही, घाबरू नका" म्हणून घरी पाठवलं. वर्षभराने ती दुसऱ्याच कारणासाठी आली तेव्हा कळलं की तिने धावणं पूर्ण सोडलं होतं. कुणी मनाई केली नव्हती. "काही नाही, तरी दुखतं, म्हणजे डॉक्टरांना सापडलेलं नाही," असा तिने स्वतःच अर्थ लावला होता. तिला त्या दुखण्याचं नाव सांगायला हवं होतं, कळ कुठून येत असावी हे चित्र काढून दाखवायला हवं होतं, आणि खेळायला पूर्ण परवानगी आहे हे तिलाच, तिच्या डोळ्यांत बघून सांगायला हवं होतं. मी ते केलं नव्हतं. तेव्हापासून मी एकाही मुलाला फक्त "काही नाही" म्हणून पाठवलेलं नाही.

तेव्हा तुमच्या मुलाला आज रात्रीच हे सांगा. कळ आली की पाठ सरळ करायची, खांदे मागे न्यायचे आणि हळूहळू श्वास घ्यायचा. काही मुलं मुद्दाम एक खोल श्वास घेतात. क्षणभर जोरात टोचतं आणि कळ सुटते. जमलं तर करावं, नाहीतर उथळ श्वास घेत मिनिटभर थांबलं तरी चालतं. तुम्ही त्या वेळी धावत जाऊन छाती चोळू नका. शेजारी बसा आणि विचारा, "तीच का?" हो म्हणाला तर बरोबर थांबा. महिनाभर एका वहीत तारीख, त्या वेळी काय करत होता, आणि किती वेळ दुखलं, एवढंच लिहा. प्रत्येक वेळी बसलेला किंवा पडलेला असताना आणि तीन मिनिटांच्या आत, असंच दिसत गेलं, तर ती वही मी कोणत्याही इकोइतकी मोलाची मानेन. पुढच्या भेटीत ती डॉक्टरांना दाखवा.

आणि त्याचं खेळणं. वरच्या धोक्याच्या खुणांपैकी आणि पूर्वेतिहासापैकी एकही गोष्ट त्याला लागू नसेल, तर उद्यापासून त्याला मैदानावर पाठवा, पूर्वीइतकंच आणि पूर्वीसारखंच. धावताना दुखलं तर तिथेच थांबून तुम्हाला सांगायचं, एवढं त्याला माहीत असू द्या, आणि तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.